आवाज उतरवून घेताना

७ जून, शनिवार

सेवाग्रामहून संध्याकाळी परत आलो. डॉक्टरांनी सरितासमोरच सांगितलं. तिच्या थायरॉईडची गाठ स्वरयंत्रात शिरली आहे, स्वरयंत्र काढावं लागेल. जीव वाचेल, असं ते दोनदा म्हणाले. मग श्वास गळ्याला केलेल्या भोकातून घ्यायचा. आणि बोलणं बंद. मी विचारलं, किती दिवस बंद? सरितानंच माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. म्हणाली, "कायमचंच म्हनून राह्यले ते."

पुढेमागे एखादं यंत्र लावून काही जणांना बोलता येतं, पण तिचं तसं होईल की नाही हे आत्ता सांगता येत नाही म्हणे. ऑपरेशन चोवीस तारखेला.

बसमध्ये ती खिडकीजवळ बसली आणि हिंगणघाट येईपर्यंत बोलत होती. काय बोलत होती ते आत्ता लिहायला बसलो तर आठवत नाही. माझ्या डोक्यात सारखं एकच येत होतं. विहारातलं तिचं वाचन. ते सगळं घरच्या कॉम्प्युटरमध्ये आहे आणि तो कॉम्प्युटर शेवटच्या घटका मोजतो आहे.

८ जून, रविवार

वर्षावासाचे तीन महिने आमच्या वॉर्डातल्या बुद्धविहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन असतं. पूर्वी वाचणाऱ्या कमलाबाई थकल्या तेव्हापासून वाचन सरिता करते. ती वाचायला लागली की लेकरंही चुळबुळ करत नाहीत, असं सगळे म्हणतात. माझं काम माइक लावायचं आणि तिचं वाचन उतरवून घ्यायचं. घरी आलो की ते कॉम्प्युटरमध्ये टाकायचं, एकेका वर्षाचं एकेक फोल्डर. जिनिंगच्या वजनकाट्यावर मी कॉम्प्युटरवरच कापसाच्या गाड्यांची वजनं घेतो, त्यामुळं यातलं मला जमतं.

गेल्या महिन्यात शेजारच्या निंबावर वीज पडली. तेव्हापासून कॉम्प्युटरचे यूएसबीचे सगळे पोर्ट मेले. पेनड्राइव्ह लावा, मोबाइल लावा, काही दिसत नाही. नेटही गेलं. नुसता चालू होतो. आणि आता आतली हार्डडिस्क टक् टक् करायला लागली आहे. या वाचनाची दुसरी प्रत कुठंच नाही.

९ जून, सोमवार

दुरुस्तीच्या दुकानात नेला. दुकानदारानं हार्डडिस्क काढून त्याच्या मशीनला लावली, तिथं ती दिसेचना. परत आमच्या कॉम्प्युटरच्या डब्यात लावली तर दिसली. म्हणाला, "काका, इथं दिसते हेच नशीब समजा. थंडी हाय तोवर चालन, गरम झाली का अटकन. आता इले काढू नका." नागपूरला बिघडलेल्या डिस्कमधून माल काढून देणारे आहेत. पण ते महिनाभर ठेवून घेतात आणि हमी देत नाहीत. महिनाभर मला धीर निघायचा नाही.

ऑपरेशनचा आणि या डिस्कचा काही संबंध नाही हे मला कळतं. तरी मनानं घेतलं आहे की तिचा आवाज जायच्या आत हा आवाज सुरक्षित झाला पाहिजे. उशीर झाला तर दोन्ही जातील.

ऑटोतून येताना डबा मांडीवर घेऊन बसलो. सरिता दारातच उभी होती. "बाळंतीन आनली का घरी?" म्हणाली आणि हसली. मला हसू आलं नाही.

११ जून, बुधवार

आता माल बाहेर काढायचा एकच रस्ता आहे, डीव्हीडीचा खण. तो मदरबोर्डला आतूनच जोडलेला असतो, यूएसबीशी त्याचा संबंध नाही. पण आमच्या खणातला ड्राइव्ह डिस्क नुसती वाचतो, लिहीत नाही. लिहिणारा, म्हणजे रायटर, गावात आता कोणी ठेवत नाही. एका दुकानात तर विचारल्यावर पोट धरून हसले.

शेवटी योगेंद्र आठवला. लग्नाची शूटिंग करतो. त्याच्याकडे गेलो तर म्हणाला, "आता कोन मांगते डीव्हीडी? लोकायले मोबाइलवर पायजे फिलम." मी कशासाठी हवं ते सांगितलं. मग त्यानं माळ्यावरून बंद पडलेला कॉम्प्युटर उतरवला, पेचकस आणला आणि त्यातला रायटर काढून माझ्या हातात दिला. उरलेल्या कोऱ्या डीव्हीडीही दिल्या. "माह्या मायनं वैनीचं वाचन लय आयकलं हाय," म्हणाला. "कमी स्पीडवर लिवजा, काका. अन् लिवल्यावर उघडून पाह्यजा. पडद्यावरची पट्टी पूरी झाली म्हनजे डिस्क झाली असं नाई."

१२ जून, गुरुवार

रायटर बसवला. डब्याचं बाजूचं झाकण उघडलं, जुना ड्राइव्ह ओढून काढला, हा सरकवला, चार स्क्रू. मागून दोन वायरी, एक बोर्डाची, एक विजेची. चालू केलं, रायटरचं नाव पडद्यावर आलं.

घाईत योगेंद्रचं ऐकलं नाही. एका दमात जास्तीत जास्त उतरवून व्हावं म्हणून वरच्या स्पीडवर लावलं. पट्टी पूर्ण झाली, खण उघडला, डिस्क गरम होती. परत घालून पाहिली तर अर्ध्या फाइली उघडत नाहीत. तेवढ्यात हार्डडिस्क तापून अडकली.

सरितानं चहा आणून ठेवला. तो कधी थंड झाला कळलं नाही.

१४ जून, शनिवार

पद्धत बसली. सकाळी सकाळी, डबा उघडा ठेवून, टेबलफॅन थेट हार्डडिस्कवर सोडायचा. पाच-सहा दिवसांचंच वाचन निवडायचं, सगळ्यात कमी स्पीडवर लिहायचं, आणि डिस्क बंद न करता उघडी ठेवायची, म्हणजे उरलेल्या जागेत नंतर आणखी भरता येतं. लिहून झालं की मशीन बंद करून थंड होऊ द्यायची. मग पुन्हा.

दुपारी पट्टी ऐंशी टक्क्यांवर येऊन थांबली होती. हार्डडिस्क टक् टक् करत होती. सरिता मागं येऊन उभी राहिली.

"आयकता का?"

"एक मिनिट."

ती उभीच. मग म्हणाली, "मयुरीचे बाबा, मी अजून बोलून राह्यली ना. मंग मले आयकत काऊन नाई?"

मी म्हटलं, ऐकतोय, बोल. पण तेव्हाच पट्टी हलली आणि मी वळून पाहिलं तर एक्याऐंशी झालं होतं. मागं पाहिलं तर ती स्वयंपाकघरात गेली होती. तिच्यासाठीच चाललं आहे हे सगळं. तिला ते कसं सांगू?

१६ जून, सोमवार

आज वेगळं सुचलं. जुनं उतरवतोच आहे, पण आत्ताचाही आवाज घ्यावा. मोबाइलला विहारातला माइक लावला आणि तिच्यासमोर ठेवला. म्हटलं, काही बोल.

"काय बोलू?"

"काहीही. जवळ सरकून बोल."

"तुमच्यासंग बोलू का याच्यासंग?"

मी म्हटलं, याच्याकडं बघून बोल, म्हणजे नीट येईल. ती माइककडे वळली. मग म्हणाली, "मयुरीचे बाबा, आज भाजीत मीठ कमी पडलं, तुमी काई बोलले नाई, तसंच खाल्लं." आणि उठून गेली.

लावून ऐकलं. गाठीमुळं आवाज खरखरीत आला आहे, वाचनाचा आवाज कसा घंटेसारखा. असला आवाज मागं ठेवून काय करायचं? पुसून टाकला.

१८ जून, बुधवार

तिला आष्टीला बहिणीकडे जायचं होतं. मी म्हटलं, ऑपरेशननंतर जाऊ, आत्ता दगदग नको. आणि मशीन सोडून मी कसा येऊ? ती म्हणाली, "नंतर जाऊन काय करू? मले गोष्टी करायच्या हायेत तिच्यासंग." एकटीच एसटीनं गेली. आर्वीला गाडी बदलावी लागते, म्हणून मी तिला पोचल्यावर फोन करायला सांगितलं होतं. फोन आला तेव्हा नेमकी डिस्क तपासत होतो, उचलायचा राहिला. तिनं मग मेसेज लिहिला, पोचली.

चार वर्षांचं वाचन उतरलं. एक सोडून बाकी सगळ्या डिस्क नीट उघडतात.

१९ जून, गुरुवार

ती परत आली. बहिणी दोघी पहाटेपर्यंत बोलत होत्या म्हणे. आवाज पार बसला आहे. मला राग आला. म्हटलं, राहिलेले दिवस तरी जपायचा होता. ती म्हणाली, "जपून कोनासाठी ठेवू?"

मी परत मशीनपुढं जाऊन बसलो.

२१ जून, शनिवार

झोप नाही. मशीन आता पाच मिनिटंही टिकत नाही. हार्डडिस्कला बर्फाची पिशवी लावून पाहिली, खाली पाणी साचलं, घाबरून काढली. जेवण गेलं नाही. विहारात जाऊन नुसता बसून आलो. बुद्धासमोर हात जोडले, पण मागायचं काय? तिचा जीव मागावा की आवाज? दोन्ही मागायला लाज वाटली. आपल्यात असं मागायचं नसतंच.

२२ जून, रविवार

उद्या भरती. सकाळपासून माणसांची रीघ. कमलाबाई महिला मंडळाच्या बायांना घेऊन आल्या, मयुरी नागपूरहून आली, जिनिंगचे नत्थूजीही सपत्नीक आले. सगळी अंगणात सरिताभोवती बसली होती. हसण्याचे आवाज आत येत होते. सरितानं कुठलीशी जुनी गंमत सांगितली, बाया हसून हसून लोळल्या. मी दार लावून घेतलं. बाहेरची धूळ उघड्या डब्यावर बसते, आणि टक् टक् वर कान ठेवायचा तर शांतता लागते.

गेल्या वर्षीचं वाचन राहिलं होतं. सगळ्यात चांगलं तेच. मी जुन्या वर्षापासून सुरुवात केली, हेच चुकलं. नव्यापासून करायला हवी होती.

कमलाबाईंनी दार ठोठावलं. "प्रेमदासभाऊ, या ना बाहेर. सरिता बलावून राह्यली."

"आलोच."

दुपारी मयुरी आली. "बाबा, आई दमून राह्यली. तुम्ही थोडा वेळ तरी बसा तिच्यापाशी."

मी म्हटलं, एवढी एक डिस्क. पट्टी तीसवर होती. मग टक् टक् थांबलं. मला वाटलं सुधारली. पडदा काळा झाला. बंद करून चालू केलं, हार्डडिस्कचं नाव आलं नाही. थंड होऊ दिलं, पुन्हा केलं. वायरी बदलल्या. हातानं डब्यावर थोपटलं. नाही.

बाहेर आलो तेव्हा अंगणात कोणी नव्हतं, चटया उरल्या होत्या. सरिता आत पडली होती. मी तिच्याजवळ बसून सांगितलं, गेल्या वर्षीचं गेलं. मला रडू आवरलं नाही. तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि काहीतरी बोलायला गेली. आवाज फुटला नाही. दिवसभर सगळ्यांशी बोलून घसा संपला होता. हातानंच सांगितलं, राहू द्या.

मग आम्ही नुसते बसलो. मला वाटत होतं, बोल. तिलाही तेच वाटत असेल. मी का नाही बोललो?

२४ जून, मंगळवार

सकाळी ऑपरेशनला नेलं. रात्रीच्या विश्रांतीनं तिचा आवाज थोडा परत आला होता. ट्रॉलीबरोबर चालताना मी मोबाइल तिच्या तोंडाजवळ धरला होता, रेकॉर्डिंग लावून. मयुरी दुसरा हात धरून चालत होती. ती काय म्हणेल याची मी वाट बघत होतो. दार आलं. नर्सनं आम्हाला थांबवलं. सरितानं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "तो मोबाइल खिशात ठेवा. पडन."

दार बंद झालं.

नंतर लावून ऐकलं. ट्रॉलीच्या चाकांचा खडखडाट आहे. ती बोलली ते त्यात बुडालं. मी पुन्हा पुन्हा कानाला लावलं. मयुरीनं फोन काढून घेतला.

संध्याकाळी डॉक्टर म्हणाले, गाठ पूर्ण निघाली.

२७ जून, शुक्रवार

नाकातून नळी, गळ्यात नळी. खोकल्यासारखं होतं पण खोकल्याचा आवाज नाही, नुसती हवा. मयुरीनं पाटी आणली आहे. सरितानं पहिल्यांदा लिहिलं ते, "जेवले?"

डिस्कची पिशवी मी बरोबरच आणली होती. तिला तिचा आवाज ऐकवावा, धीर येईल. मयुरीचा लॅपटॉप घेतला, चारी बाजूंनी फिरवून पाहिला. ती म्हणाली, "बाबा, आता लॅपटॉपले तो खण नसते." पिशवी पुन्हा खाटेखाली ठेवली. सरितानं सगळं पाहिलं आणि तोंड भिंतीकडे केलं. दुखत असेल.

२ जुलै, बुधवार

सगळ्यांना तिचं वाचन आठवतं. दवाखान्यात भेटायला येणारा प्रत्येक जण तेच बोलतो. मी डोळे मिटून तिचा आवाज आणायला गेलो तर मलाही वाचनच ऐकू येतं, पुस्तकातली वाक्यं. मला हाक कशी मारायची, बाजारातून काय आणा म्हणायची, ते येतच नाही. एवढी वर्षं रोज ऐकलं. एवढ्या लवकर कसं जातं?

१० जुलै, गुरुवार

घरी येऊन तीन दिवस झाले. नाकातली नळी निघाली, पातळ खिमट खाते. आज आषाढी पौर्णिमा, वर्षावास सुरू. आम्ही गेलो नाही. विहारातून वंदनेचा आवाज येत होता, तिनं अंथरुणात उठून बसून हात जोडले.

कमलाबाई सांगून गेल्या, वाचायला कोणी नाही. नव्या पोरी दोन ओळी वाचून लाजतात. "भाऊ, तुमी उतरवून ठेवलं ना सरिताचं? तेच लावा. आमाले तिचाच आवाज पायजे." मला एकदम बरं वाटलं. म्हणजे केलेलं फुकट गेलं नाही. सरिता पाटी हातात घेऊन बसली होती, पण तिनं काही लिहिलं नाही.

२७ जुलै, रविवार

आज तिला विहारात नेलं. गळ्याच्या भोकावर मयुरीनं शिवलेला पांढरा रुमाल. बाया गळ्यात पडल्या, ती सगळ्यांना हातानं शांत करत होती.

मी घरचा जुना डीव्हीडी प्लेअर विहाराच्या स्पीकरला जोडला. पहिली डिस्क घातली. खण आत गेला, जरा घरघर, आणि सरिताचा आवाज आला. भरघोस, स्वच्छ. विहार भरून गेला. कमलाबाई पदर डोळ्याला लावून ऐकत होत्या. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा वाटलं की मी काहीतरी केलं.

सरिता माझ्या शेजारी बसली होती. दोन पानांएवढं वाचन झालं असेल. ती उठली, प्लेअरजवळ गेली आणि बटण दाबून बंद केलं.

मला वाटलं चुकून दाबलं, मी उठायला गेलो. तिनं मला हातानं बसवलं. ग्रंथ समोर चौरंगावर होता, तो उचलून तिनं माझ्या हातात दिला, पान काढलं आणि ओळीवर बोट ठेवलं.

मी म्हटलं, "मी? मला नाही जमत, सरिता." एवढ्या माणसांत मोठ्यानं मी कधी वाचलेलं नाही. तिनं बोट हलवलं नाही. मला राग आला होता, खरं लिहितो. एवढं जिवापाड राखलेलं, आणि तिनं असं सगळ्यांसमोर बंद करावं.

"वाचा, भाऊ," कमलाबाई म्हणाल्या.

वाचलं. पहिल्या वाक्यालाच अडखळलो. जोडाक्षरात जीभ अडकली. मागं एक लेकरू फिसकन हसलं, त्याच्या आईनं त्याला दटावलं. सरिताचं बोट ओळीखालून चालत होतं. मी वाचनात पळायला लागलो की ते थांबायचं, आणि मला थांबावंच लागायचं. पूर्णविरामाला ती माझ्या मनगटावर जरा दाब द्यायची. तेव्हा मी श्वास घ्यायचो. शेजारी तिचा श्वास ऐकू येत होता, रुमालाच्या आतून. मला वाटतं आम्ही बराच वेळ बरोबरच श्वास घेत होतो.

दोनच पानं झाली. घाम फुटला होता. कमलाबाई म्हणाल्या, "उद्याही तुमीच." सरितानं मान हलवली, माझ्या वतीनं.

चालत घरी आलो. पाटी विहारातच राहिली होती. विहाराच्या कोपऱ्यावर तिनं माझा हात धरला आणि तळव्यावर बोटानं काहीतरी लिहिलं. मला कळलं नाही. म्हटलं, परत लिही. तिनं परत लिहिलं. तरी कळलं नाही. मी चालायचा थांबलो, हात दिव्याखाली धरला, म्हटलं, एकेक अक्षर लिही, मला घाई नाही. तिनं एकेक अक्षर लिहिलं. ह, मग ळू. हळू.

मी विचारलं, "हळू वाचू, का हळू चालू?"

तिचे खांदे हलायला लागले. हसण्याचा आवाज आता येत नाही, पण हसताना तिचे खांदे असे हलतात हे मी इतक्या वर्षांत कधी पाहिलंच नव्हतं. मी दिव्याखाली उभा राहून बघत राहिलो.